राहुटीचं प्रॅक्टिकल

जानेवारी आला की माझ्या घरात समुद्राचा वास सुटतो. खरं तर जर्मनीतल्या या नेकारसुल्मपासून समुद्र मोटारीने अख्ख्या दिवसाच्या अंतरावर आहे. खिडकीबाहेर द्राक्षांचे उघडेबोडके वेल काठ्यांना टेकून उभे असतात, आकाशावर कुणीतरी राखाडी सतरंजी अंथरून ती उचलायला विसरलेलं असतं, आणि माझी बायको प्रज्ञा हीटरवर वाळत घातलेले ओले मोजे उलटेपालटे करत असते. अशा घरात समुद्राचा वास येण्याचं काहीच कारण नाही. पण मला येतो. कारण याच दिवसांत उत्तरेकडे, बाल्टिकच्या काठावर, वाळूत वसलेल्या एका कँपिंगच्या जागेचं उन्हाळी बुकिंग उघडतं. सकाळी आठ वाजता. इथे आठ म्हणजे आठच. आठ वाजून पाच मिनिटांनी समुद्रासमोरची पहिली ओळ संपलेली असते आणि सव्वाआठला उशिरा उठणाऱ्यांच्या नशिबी स्वच्छतागृहाशेजारची जागा येते.

म्हणून आज मी साडेसातलाच संगणकासमोर आसनस्थ झालो. अंघोळ करून, केस विंचरून. प्रज्ञा म्हणते तसं, मुलगी पाहायला निघाल्यासारखा.

"अवि, फॉर्मला तू दिसत नाहीस," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कलावंताने तयारीनिशीच रंगमंचावर यावं," मी म्हणालो.

"कलावंताने कचरा पण टाकून यावा. आज प्लास्टिकची पिवळी पिशवी आहे."

कचरा टाकून आलो तरी पावणेआठच वाजले होते. फॉर्म उघडा होता. तंबू की कॅराव्हॅन, कुत्रा आहे की नाही, आणि मग तो चौकोन: माणसं किती? त्या रिकाम्या चौकोनात ती बारीक उभी रेघ उघडझाप करत होती. ती रेघ पाहिली की मला दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी आठवतो, आणि त्याच्या शेपटीला बांधून आलेले फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे आणि जून. सहलीला आम्ही गेलो ते जेमतेम आठवडाभर. पण सहलीच्या तयारीचा तो मोसम पाच महिने चालला, आणि मला विचाराल तर खरं नाटक त्या पाच महिन्यांतच झालं.

पडदा उघडला तो एका रविवारी, अकोल्याच्या व्हिडिओ कॉलवर. पडद्यावर नेहमीप्रमाणे सासूबाईंचं अर्धं कपाळ आणि पाऊण छत. मी तोऱ्यात सांगत होतो, की या उन्हाळ्यात आम्ही तंबूत राहणार, समुद्राकाठी, वाळूत. माझा समज असा, की अकोल्यातल्या ज्येष्ठांना अशा गोष्टी ऐकायला गंमत वाटते.  पलीकडे कपाळ खाली आलं आणि पूर्ण चेहरा दिसला. असं फार क्वचित होतं.

"आम्ही तिकडे कधी येणार आहोत, जावईबापू?"

"मेअखेर, आई. ऑगस्टपर्यंत आहात की."

"आणि तुमचा तंबू?"

"जूनअखेर."

"मग मला पण तंबूत राहायचंय."

पलीकडे कुठेतरी बशीत कप आपटला. सासऱ्यांचा आवाज आला, "काहीतरीच!"

इथे प्रेक्षकांना थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. माझे सासरे पाटबंधारे खात्यात होते. दिवाळीचा फराळ संपला की ते कालव्याच्या सर्व्हेला निघत आणि ऊन अगदी असह्य झालं की परत येत. तेवढे महिने मुक्काम माळावर, नदीकाठी, खात्याच्या कापडी राहुटीत. बरोबर दुर्बीण, साखळी, नकाशांची नळकांडी आणि चार-पाच खलाशी. खलाशी म्हणजे समुद्रावरचे नव्हेत, सर्व्हेत साखळी ओढणारे आणि पट्टी धरणारे. इकडे सासूबाई अकोल्याच्या क्वार्टरमध्ये तीन लेकरं, एक नळ आणि नळाला सकाळी तासभर येणारं पाणी घेऊन उभ्या. दर वर्षी निघताना त्या म्हणायच्या, "एकदा मला न्या ना तुमच्या कँपात." दर वर्षी सासरे म्हणायचे, "बघू."

हा 'बघू' आपल्या घरांतला फार बिलंदर शब्द आहे. सायकल हवी, बघू. सहलीला जाऊ, बघू. कुणी नाही म्हणत नाही आणि काही घडतही नाही. जर्मनीत येऊन मला वीस वर्षं झाली, पण या लोकांना 'बघू' कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही. इथे गोष्ट एकतर कॅलेंडरमध्ये असते किंवा नसते. पहिल्या वर्षी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मी सहज 'बघू' अशा अर्थाचं काहीतरी म्हणालो, तर तो वही काढून म्हणाला, "आल्झो, म्हणजे मंगळवार की गुरुवार?" सासऱ्यांचा 'बघू' तीस वर्षं चालला. मग ते निवृत्त झाले. राहुट्या खात्याला परत गेल्या, सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं की तो विषयही निवृत्त झाला.

"तीस वर्षं यांच्या पत्रांतून राहुटी वाचलीय मी," त्या रविवारी सासूबाई म्हणाल्या. "थिअरी पाठ आहे. प्रॅक्टिकल राहिलंय."

फोन ठेवल्यावर आमच्या स्वयंपाकघरात अधिवेशन भरलं. प्रज्ञाचं म्हणणं, आईचे गुडघे. तंबूत पलंग नसतो, खुर्ची नसते. जमिनीवरून उठता आलं नाही तर? तिथल्या गावात आई-बाबांसाठी चांगली खोली घेऊ, दिवसा आपल्याबरोबर वाळूत बसतील, झोपायला खोलीवर जातील. आमची कन्या तारा तेव्हा चौदाची होती. तिने कानातलं इअरफोनचं एक बोंडूक काढलं, "आबर ओमा विल इन्स त्सेल्ट," म्हणजे आजीला तंबूच हवाय, एवढं जर्मनमध्ये सुनावलं आणि बोंडूक परत घातलं. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र ती तिच्या सोयीच्या भाषेत देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बुकिंग उघडलं. माणसं किती? प्रज्ञा मागे उभी होती. "तीन टाक. आईबाबांचं खोलीचं बघू."

बघू! मी वळून तिच्याकडे पाहिलं. तिलाही ते ऐकू गेलं असावं. मी पाचचा आकडा दाबला आणि दुसऱ्या ओळीतली, कोपऱ्यावरच्या पाइन झाडाजवळची जागा पटकावली. प्रज्ञाने त्याच संध्याकाळी गावातली खोलीही राखून ठेवली, आणि अकोल्याला अट कळवली: कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठता आलं, तरच तंबू. नाहीतर खोली.

"काहून?" सासूबाई म्हणाल्या. चिडल्या की त्या वऱ्हाडीत शिरतात. "जर्मनीतली जमीन काय जास्त खोल असते?" पण अट त्यांनी मान्य केली.

मग सुरू झालं ते व्हॉट्सॲपवरचं मालिकापर्व. पहिला व्हिडिओ फेब्रुवारीत आला. सासूबाई चटईवर बसल्या आहेत. मग काहीच घडत नाही. एक हात जमिनीवर, दुसरा हवेत. पुन्हा काही घडत नाही. शेवटी त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "बंद करा ते." कॅमेरामन सासरे. त्यांचा आवाज, निकाल वाचून दाखवल्यासारखा: "बघा, होत नाही."

आमच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ क्लाइन राहतात. पोहण्याच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. पांढरे बारीक कापलेले केस, उन्हाने खरपूस झालेले दंड, आणि बोलण्यात अशी हुकमत की लिफ्टसुद्धा त्यांच्यासाठी लवकर येते. आयुष्यभराचे उन्हाळे त्यांनी तंबूत काढलेत. मी त्यांना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी तीनदा पाहिला आणि म्हणाल्या, "चूक ताकदीची नाही, क्रमाची आहे. आधी एक गुडघा. मग हात मांडीवर. मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे. वजन आपोआप उचललं जातं."

मी ते अकोल्याला भाषांतर करून कळवलं. उत्तर आलं: "त्यांना सांगा, नाक माझं आधीच बरंच पुढे आहे."

तरी व्हिडिओ येत राहिले. मार्चमध्ये खुर्चीला धरून. मार्चअखेर खुर्चीला दोन बोटं लावून. एप्रिलमध्ये अकोला तापलं आणि चित्रीकरण पहाटे गच्चीवर हललं. मागे टाकीवर कावळे, शेजारच्या गच्चीवर सांडगे-कुरडयांची वाळवण, आणि मधोमध साडी खोचून एकाग्र उभ्या सासूबाई. खाली बसायच्या, श्वास घ्यायच्या, पुटपुटायच्या, "गुडघा, हात, नाक." कधी व्हायचं, कधी नाही. कधी अर्ध्यावरून परत खाली बसायच्या. कॅमेरामन आता काही बोलत नसे. एकदा मात्र व्हिडिओ मध्येच जोरात हलला, आकाश दिसलं, कावळे दिसले, आणि सासऱ्यांचा आवाज आला, "अगं, जमलं की!" तो आनंद होता की धास्ती, हे मी त्या व्हिडिओवरून ठरवू शकलो नाही. फ्राऊ क्लाइन मोबाइलकडे बघून "गेनाऊ! गेनाऊ!", अगदी बरोबर, असं ओरडल्या आणि त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली. ती मला दोन दिवस पुरली.

माझीही तयारी त्याच वेळी चालू होती, आणि तीही काही लहानसहान नव्हती. मोटारीच्या कारखान्यात मी दारांच्या रबरी पट्ट्यांतून पाणी आत येतं का ते तपासतो. पाणी कुठून शिरेल याचा विचार करणं हाच माझा व्यवसाय. नवीन तंबू आल्या आल्या मी तो इमारतीमागे उभा करून त्याच्यावर नळी सोडली आणि आत ताराला कोरडा कागद देऊन बसवलं. एक्सेलमध्ये तक्ते केले. वारा, पाऊस, मुंग्या, पोहे. हिरवं म्हणजे झालं, पिवळं म्हणजे चालू, लाल म्हणजे प्रज्ञाला अजून सांगितलेलं नाही. अजूनही कधी नव्या तंबूच्या कापडाचा तो प्लास्टिकचा, किंचित गोडसर वास आला की मला तो एप्रिल आठवतो. बाहेर चेरीचा मोहर, हातात टेप, आणि मनात एकच हट्ट, की या बाईंना वाळूत झोपवायचं म्हणजे झोपवायचंच.

मेअखेर विमान फ्रांकफुर्टला उतरलं. सगळे प्रवासी बाहेर आले, आमचे दोघे येईनात. शेवटी कस्टमवाल्यांनी मलाच आत बोलावलं. टेबलावर सासऱ्यांची बॅग उघडी. अधिकारी लोकरी मफलरमधून एकेक वस्तू काढून मांडत होता. लोखंडी खुंट्या. हातभर लांब, अकोल्याच्या लोहाराकडून घडवून आणलेल्या, अकरा नग.

"फॉर टेंट," सासरे ताठ उभे राहून सांगत होते. "गव्हर्नमेंट पॅटर्न."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. दोघांनाही आपापल्या नोकरीची आठवण झाली असावी. त्याने एक खुंटी हातात तोलून पाहिली, मान डोलावली आणि सगळ्या परत मफलरमध्ये गुंडाळून दिल्या.

"बाबा, तुम्हाला तर हे सगळं पसंत नव्हतं," गाडीत प्रज्ञा म्हणाली.

"अजूनही नाही. पण राहुटी उभारायचीच असेल, तर नीट उभारावी."

"यांच्या खुंट्यांपायी माझे पापड घरी राहिले," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आणि वर सांगतात, नीट उभारावी."

इमारतीमागच्या हिरवळीवर पहिली तालीम झाली. तिथली माती चिकण, ओलसर. खुंट्या अशा गेल्या की सासरे प्रत्येक खुंटीनंतर हात झटकून प्रेक्षकांकडे बघायचे. बाल्कनीतून फ्राऊ क्लाइन म्हणाल्या, "छान. पण वाळू वेगळी असते." मी भाषांतर केलं. सासरे हसले. तीस वर्षं ज्याने खुंट्या ठोकल्या त्याला हे सांगतायत, असं ते हसू होतं.

म्हणून दुसरी तालीम वाळूत ठेवली, आणि फ्राऊ क्लाइनही बरोबर आल्या. नेकार नदीच्या काठी बीच-व्हॉलीबॉलचं मैदान आहे. रविवारी सकाळी तिथे कुणी नसतं. जूनचा पहिला आठवडा, नदीवरून वारा, आणि वाळू वरून कोरडी, आत गार. सासऱ्यांनी ठोकलेल्या अकराही खुंट्या वाळूने गिळल्या आणि वाऱ्याची पहिली झुळूक येताच भातातून चमचा निघावा तशा बाहेर सोडल्या. तंबू उठला, एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि जाळीवर जाऊन आडवा झाला. तारा हसून हसून वाळूत बसली.

सासरे हातोडा घेऊन मैदानाच्या मधोमध उभे होते. "पटलं आता?" ते म्हणाले. "वाळूत राहुटी राहत नसते. मी पहिल्यापासून सांगतोय." आणि माझी खात्री आहे, त्यांना किंचित हायसं वाटलं होतं.

प्रज्ञाने पर्समधून मोबाइल काढला. खोलीवाल्यांना त्या दिवशी नक्की काय ते कळवायचं होतं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्या बाकावरून उठल्या, चपला काढल्या, वाळूत आल्या आणि शाळेत कविता म्हणायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखं समोर बघून म्हणाल्या, "'येथे पात्रातल्या वाळूत खुंटी धरत नाही. म्हणून पोती भरून आडवी पुरली आणि दोर पोत्यांना बांधले. काल मोठा वारा झाला पण राहुटी हलली नाही. काळजी नसावी.' पैनगंगेच्या काठावरून लिहिलंय तुम्ही. प्रज्ञा पोटात होती."

नदीवरून एक होडी गेली. सासऱ्यांनी हातोडा वाळूत ठेवला.

"तुला पाठ आहे?" सासरे म्हणाले.

"परीक्षा राहिली होती ना माझी."

आता पोती आणायची कुठून? आणि इथे, वाचकहो, मला माझ्या पत्नीची जाहीर माफी मागायची आहे. आमच्या तळघरात बासमती तांदळाच्या रिकाम्या पिशव्यांची थप्पी आहे. जाड विणीच्या, धरायला बंद असलेल्या, वर चेन असलेल्या. कुणावर हत्ती, कुणावर महाल, कुणावर लाजणारी नवरी. परदेशातल्या आपल्या प्रत्येक घरात ही थप्पी असते. दर वसंतात मी म्हणतो, टाकू या. दर वसंतात प्रज्ञा म्हणते, लागतात. त्या सकाळी ताराने सायकलवरून घरी जाऊन सोळा पिशव्या आणल्या, आणि मी दर वसंतातलं माझं म्हणणं परत घेतलं.

सासरे आधी लांबून सूचना देत होते. "आडवी पुरा, उभी नको. बंद वर ठेवा." मग जवळून. मग अचानक गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी खड्डा उकरताना दिसले. केसांत वाळू, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज एकदम खात्यातला: "तारा, दोर तिरपा धर! तिरपा! पाय दे त्याच्यावर! शाब्बास!" ताराला हा आजोबा नवीन होता. मलाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. डोळे बारीक करून, काहीतरी जुनं आता नीट दिसायला लागल्यासारख्या.

तंबू उभा राहिला. मी दोर ओढून पाहिले, धक्का दिला. तो जागचा हलला नाही. मग सासूबाई आत गेल्या आणि जमिनीवर बसल्या. दार उघडं होतं. आम्ही सगळे वाकून बघत होतो.

"कुणी हात द्यायचा नाही," त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा जमलं नाही. वाळू गुडघ्याखाली सरकली. प्रज्ञाचा हात नकळत पुढे गेला तो फ्राऊ क्लाइननी मनगटाला धरून मागे घेतला. दुसऱ्यांदा सासूबाई अर्ध्यापर्यंत आल्या आणि परत बसल्या. चेहरा लाल. मग त्यांनी हाताने वाळू थोपटली, जात्याभोवती जागा करावी तशी सपाट केली, आणि पुटपुटल्या, "गुडघा. हात. नाक." आणि उठल्या. तंबूच्या छताला डोकं लागलं. फ्राऊ क्लाइन अशा ओरडल्या की होडीवाल्यांनी वल्ही थांबवली.  प्रज्ञाने वाळूने माखलेल्या बोटांनी मोबाइलवर खोली रद्द केली, आणि मग आईला तीनदा विचारलं, पाणी हवंय का.

पुढचे तीन आठवडे आमचं घर निघालेल्या बोटीसारखं होतं. दाण्याची चटणी, लसणाची चटणी, दशम्या, छोटी गॅसची शेगडी, मोहरी-जिऱ्याचे डबे; सगळं त्याच पिशव्यांत भरलेलं. निघालो तेव्हा गाडीत हत्ती, महाल आणि नवऱ्या यांच्या मधून माणसं कशीबशी बसली होती. उत्तरेला जाताना टेकड्या हळूहळू बसतात, आकाश मोठं होतं, आणि शेवटी रस्ता पाइनच्या जंगलात शिरतो तेव्हा चाकांचा आवाजच बदलतो. वाळू लागते. डिंकाचा वास येतो. मग झाडांच्या मागे ती निळी-करडी रेघ. सासूबाईंनी पहिलं काम काय केलं असेल? चालत जाऊन समुद्रात बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाल्या, "आळणी आहे हा." खरंच आहे. बाल्टिकचं पाणी फार खारट नसतं. मला इतक्या वर्षांत कधी चाखून बघावंसं वाटलं नव्हतं.

पण सांगायचं ते वेगळंच. पहाटे तीनला निघून आम्ही पोचलो दुपारी पाऊणला. सामान उतरवेपर्यंत एक वाजला, आणि सायकलवरून तिथला व्यवस्थापक आला. उंच, पिंगट दाढी, छातीवर शिट्टी. एक ते तीन मिटाग्सरूह, दुपारची विश्रांतीची वेळ. ठोकाठोक बंद. वारा तर वाढत चालला होता, पश्चिमेला ढग काळवंडत होते, आणि सासरे नेमके हातोडा घेऊन उभे. खुंट्या त्यांनी आठवण म्हणून आणल्याच होत्या.

मी माझं सर्वोत्तम नम्र जर्मन गोळा करतोय तोवर तारा पुढे झाली. "विर हेमर्न निश्ट. विर ग्राबन." आम्ही ठोकत नाही, आम्ही खणतो.

तो थांबला. नियमाच्या पाटीकडे त्याने पाहिलं. पाटीवर ठोकण्याबद्दल होतं, संगीताबद्दल होतं, मोटारीबद्दल होतं. खणण्याबद्दल काही नव्हतं. मग त्याची नजर हत्तीवाल्या पिशवीवर गेली.

"बासमती?" त्याने विचारलं.

"जेट्स्ट झांड," तारा म्हणाली. आता वाळू.

तो सायकलवर बसला, थोडा पुढे गेला, परत वळून एकदा पाहिलं आणि गेला. आणि आमची मूक फिल्म सुरू झाली. सगळा कँप झोपलेला, आम्ही पाच जण खुणांनी बोलत खड्डे उकरतोय, पिशव्या भरतोय. सासरे भुवयांनी हुकूम देतायत, सासूबाई पिशव्यांच्या चेनी लावतायत, प्रज्ञाला हसू आवरेना म्हणून ती तोंडात ओढणी धरून बसली आहे. अडीचच्या सुमारास तंबू उभा राहिला. पाऊस मात्र आमच्यापर्यंत आलाच नाही. ढग समुद्रावरच कुठेतरी रिकामे होऊन गेले.

सासूबाईंनी चपला दाराशी जोडीने लावल्या, आत गेल्या आणि आतून चेन ओढून घेतली.

सासरे बाहेर उभे राहिले. काय करावं ते त्यांना कळेना. त्यांनी एक दोर ताणून पाहिला, मग दुसरा.

"अहो," आतून आवाज आला.

"काय गं?"

"बसा तिथे. दाराशी."

ते वाळूत बसले. मध्ये कापड.

"एक विचारते. खरं सांगा. जावई आहेत म्हणून लाजू नका."

मी पलीकडच्या बाजूला एक घट्ट दोर आणखी घट्ट करत होतो. मला तिथून हलणं शक्य नव्हतं. म्हणजे, शक्य होतं. पण मी हललो नाही.

"तिकडे खरंच एवढा त्रास होता? पत्रात लिहायचात तेवढा?"

सासऱ्यांनी मुठीत वाळू घेतली आणि सोडली. पुन्हा घेतली. "पहिले आठ दिवस असायचा."

"आणि मग?"

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. "मग मजा यायची."

तंबूचं कापड वाऱ्याने फुगलं आणि खाली बसलं.  प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी दोर सोडला.

"संध्याकाळी काय करायचात?"

"पत्ते. कधी नदीत पोहायचो. खलाश्यांपैकी एक जण बासरी वाजवायचा."

"पत्रात नाही आलं ते कधी."

"कसं लिहिणार? तू तिकडे एकटी, तीन पोरं घेऊन, पाण्याच्या रांगेत..."

"हं."

"रागावलीस?"

"स्वयंपाक कोण करायचं कँपात?"

"एक खलाशी करायचा. आम्हाला आयतं मिळायचं."

"म्हणजे कँपातल्या माणसाला स्वयंपाक नसतो."

"नसतो," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"मी आता कँपात आहे."

आम्हाला ते लगेच कळलं; ताराला तर आमच्याही आधी. सासऱ्यांना थोडा वेळ लागला. मग ते उठले, धोतर झटकलं, शेगडीजवळ गेले आणि तिच्याकडे चारी बाजूंनी पाहून घेतलं. कांदा घेतला. सुरी शोधली, सापडली. एका हत्तीवाल्या पिशवीत हात घालून डबे बाहेर काढले, एकेकाचं झाकण उघडून वास घेतला आणि बाजूला ठेवले. प्रज्ञा मदतीला उठायला लागली तशी ताराने तिचा कुर्ता खाली ओढला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "बस."

"अगं," सासऱ्यांनी तंबूकडे तोंड करून विचारलं, "मोहरी कुठे ठेवलीयस?"

आत कूस बदलल्याचा आवाज झाला.

"शोधा."